बाबांचा आवाज नव्या मशीनवर

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. त्याआधी दादाने त्यांच्याकडून तासन्‌तास वाचून घेतलं होतं आणि त्यातून एक प्रोग्राम लिहिला. बाबा टाइप करायचे आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलायचा, अगदी खाकरण्यासकट. आई स्वयंपाकघरातून त्या आवाजाशी भांडायचीसुद्धा.

दादाचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं. दोघंही कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे, पण लिनक्सचे प्रकार अनेक; त्याचं लिनक्स वेगळं, माझं वेगळं. एकासाठी बांधलेलं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचं तयार गाठोडं, दुसऱ्यावर धड चढत नाही. प्रोग्राम ज्यांच्या जिवावर चालतो त्या आतल्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत. "माझ्यासाठीपण बांध की एक पॅकेज," मी म्हणायचे. "तूच ये की इकडे. माझं अडलंय खेटर," तो म्हणायचा. हट्टीपणात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

गेल्या वर्षी अपघातात दादा गेला. परवा बाबांच्या जुन्या मशीनची डिस्क खडखडायला लागली. पॅकेज आणि आवाजाची फाईल मी कशीबशी पेनड्राइव्हवर ओढून घेतली, तेवढ्यात डिस्कने मान टाकली. मूळ रेकॉर्डिंग तिच्यातच होतं.

नव्या मशीनवर दादाचं लिनक्स टाकलं असतं, तर चुटकीसरशी काम झालं असतं. मी माझं टाकलं. गेलेल्या माणसाशीही मला वाद जिंकायचा होता, दुसरं काय!

पॅकेज माझ्या साच्यात बदलून चढवलं. प्रोग्राम जुनी लायब्ररी मागत बसला. मग मी नव्या लायब्ररीलाच जुन्या नावाची पाटी लावली. ही चलाखी आमच्यात सगळेच करतात, आणि नंतर पस्तावतात. प्रोग्राम फसला, सुरू झाला. नव्या लायब्ररीने पेनड्राइव्हवरची आवाजाची फाईल उघडली आणि जुनाट वाटली म्हणून आपल्या पद्धतीने परत लिहून टाकली. आत नुसती खरखर उरली. आधी प्रत काढून ठेवा, असं मी ऑफिसात उठताबसता बजावत असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

खूप डोकं आपटलं. शेवटी लिनक्सबरोबर आलेला तयार आवाज जोडला. पुरुषाचा, स्वच्छ, बातम्या वाचणाऱ्यासारखा.

बाबांना सगळं खरं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि टाइप केलं.

"चालेल, बाळा. काम भागलं म्हणजे झालं," तो परका माणूस बोलला.

आतून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

बाबांची बोटं थांबली. मग त्यांनी हात लांब करून स्पीकर बंद केला.

"कोणी नाही, आई," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.