पसंतीची ओळ

शिवलीलाचा प्रभुलिंगवर दात होता, आणि तो उगाच नव्हता. जुळे सोलापुरातल्या त्याच्या ऑफिसात वधू-वर मेळाव्याचं सॉफ्टवेअर तिनं एकटीनं केलं होतं. मुलींच्या माहितीचा तक्ता, म्हणजे टेबल, तसंच मुलांचं टेबल, आणि मधे कुणी कुणाला पसंत केलं त्याचं टेबल. दोघांची पसंती जुळली की जोडीचं नाव पडद्यावर यायचं. पण गेल्या वर्षी स्टेजवर सत्कार घेतला प्रभुलिंगनं. हे मीच केलं, असं माइकवर सांगून.

वर टेबलांतून जोड्या शोधायचा हुकूम, म्हणजे तिची क्वेरीही त्यानं मोडली. ती जॉइन लिहून टेबल जोडायची आणि जोडणीची अट तिथंच ऑन या शब्दापुढं द्यायची. हा त्याच्या मते बायकी पाल्हाळ. त्यानं टेबलांची नावं स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडली आणि सगळ्या अटी खाली व्हेअर या एका शब्दामागच्या ढिगात घातल्या. एखादी ओळ चुकून उडाली तर मशीन चकार शब्द काढणार नाही, असं तिनं बजावलं, तेव्हा तो सगळ्यांदेखत हसला. मेल्याला एकदा तोंडघशी पाडीनच, असं तिनं त्या दिवशीच ठरवलं.

यंदाच्या मेळाव्यात, जोड्या पुकारायच्या जरा आधी, अध्यक्ष रेवणप्पांनी दोघं एकाच तालुक्यातली हवीत ही अट काढायला सांगितली. प्रभुलिंगनं घाईत ती खोडली आणि तिच्यासोबत पसंतीची ओळही खोडली. स्टेजवर त्याच्या शेजारी बसलेल्या शिवलीलानं ते पाहिलं. तिच्या रीतीनं लिहिलं असतं तर ऑन नाही म्हणून काम तिथंच अडलं असतं. आता मात्र प्रत्येक मुलगी प्रत्येक मुलाला जोडली जाणार होती. शिवलीलानं तोंडात मिठाची गुळणी धरली. मनात उकळ्या फुटत होत्या.

रेवणप्पांनी चष्मा सावरून पहिली जोडी वाचली. अक्कलकोटच्या अण्णारावांची पायल, आणि अक्कलकोटच्याच अण्णारावांचा बसू. सख्खे बहीणभाऊ. सगळं सभागृह पोट धरून हसू लागलं. पायलनं ओढणीत तोंड लपवलं.

प्रभुलिंग घामाघूम होऊन शिवलीलाकडं वाकला. "लवकर दुरुस्त कर की."

"करते. आधी माइकवर सांगा, हे कुणी केलंय ते."

त्यानं डोळे वटारले, पण खाली लोक उठून उभे राहत होते. त्यानं माइक ओढला आणि सांगून टाकलं, हे सगळं आमच्या शिवलीलानं केलंय. तिला हवं होतं ते मिळालं. तिनं खोडलेली ओळ परत लिहिली. तेवढ्यात हसू थांबलं आणि सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

पायलचा हात धरून तिची आई पायऱ्या चढून वर आली. पोरीचे डोळे लालभडक झाले होते.

"तूच व्हय ती? माझ्या लेकीचं हसं केलंस."

प्रभुलिंग दुसरीकडं बघत होता. स्वल्पविराम कुणाचा, ओळ कुणी खोडली, हे सगळं शिवलीलाच्या ओठांवर आलं. पण पायल तिच्याकडंच बघत होती, आणि ती ओळ जाताना शिवलीलानं पाहिली होती.

"व्हय," ती म्हणाली. "मीच."