काळी चिंधी

“आधी गज घालून बघ. भरलेली की रिकामी, ते बंदुकीलाच विचारायचं. माणसाच्या शब्दावर जायचं नाही.”

नवऱ्याचे शब्द मनात घोळवतच तिने ठासणीच्या बंदुकीत गज सोडला. तळाशी लोखंड वाजलं. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली. रिकामी होती.

तो गेल्यापासून बंदूक उडाली नव्हती. तरी दर आठवड्याला तेलाचा हात फिरवण्याचा त्याचा नेम तिने मोडला नव्हता. आजचा हात शेवटचा. उद्या संग्रहालयाची माणसं ती न्यायला येणार होती. मुलानेच तसं ठरवलं होतं.

“एवढं न्हाऊमाखू तर तू मला लहानपणी घातलं नसशील,” मुलगा दारातून म्हणाला.

“सासरी पाठवायची, तर जरा नीट पाठवावी.”

“म्युझियमवाले पुसतील की, आई.”

“पुसतील. चहा झाकून ठेवलाय.”

उजवा हात खिशातून न काढताच तो ओसरीकडे वळला. दिवसभराचं बोलणं हल्ली एवढ्यावरच संपायचं.

आजारपणात बाप त्याला म्हणाला होता, “मी गेलो की टेकडीवर एक बार काढ. नुसत्या दारूचा, गोळी न घालता.”

“बाबा, कसले हे खुळे हट्ट!” म्हणत मुलगा उठून गेला होता.

नवरा मग तिच्याकडे वळून हसला होता. “काढेल बघ. पण बार काढल्यावर बंदूक गरम पाण्याने धुवायचं मी त्याला कधी शिकवलं नाही. तेवढं तू शिकव. शिकवशील ना?”

ती हो म्हणाली होती. पण बारच निघाला नाही, तर शिकवणार काय? त्या शब्दाचं ओझं तिला अजून उतरवता आलं नव्हतं.

तिने गजाला पांढरी चिंधी गुंडाळली, नळीत तळापर्यंत दाबली आणि ओढून काढली. फार तर तेलाचा पिवळट डाग यायला हवा होता.

चिंधी काळीकुट्ट निघाली. ओलसर. सडक्या अंड्यासारखा तो जुना वास नाकात शिरला. तिने दुसरी चिंधी घातली. तीही काळी.

काल संध्याकाळी टेकडीकडून एक धडाका ऐकू आला होता. खाणीत सुरुंग लावला असेल, असं म्हणून ती भांडी घासत राहिली होती.

तिने नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. एका रात्रीत गंजाची बारीक खरखर धरली होती. जळलेली दारू लोखंडाला सवड देत नाही.

खिडकीतून ओसरी दिसत होती. मुलगा एकटाच बसला होता, डाव्या हाताने चहा पीत. उजव्या हाताची काळवंडलेली बोटं मांडीवर होती.

तिने पातेलंभर पाणी गॅसवर चढवलं. चिंध्यांचं गाठोडं सोडलं. आतून दुसरा पाट आणून आपल्या पाटासमोर मांडला, आणि पदराला हात पुसत ती त्याला बोलवायला निघाली.