माईंच्या फोटोची चौकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. भोपाळच्या नेहरू नगरात, बोधनकरांच्या घरी, आतल्या खोलीच्या भिंतीवर माझं बिऱ्हाड आहे. घरी येणारा पाहुणा माझ्या आतल्या फोटोकडे बघतो, माझ्याकडे नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. जेवताना कुणी ताटाकडे बघत बसत नाही. पण आज थोडा वेळ माझं ऐका, कारण तुमच्याही घरी माझी एखादी बहीण खिळ्याला लटकलेली असेल आणि तिच्या पोटात काय चाललं आहे ते तुम्हाला ठाऊक नसेल.

माझं लाकूड परदेशी आहे, असं म्हणायची मला फार हौस. खरं सांगायचं तर मी एका खोक्याची फळी. इथल्याच पिपलानीजवळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात बाहेरून यंत्रं यायची, ती पाइनच्या लाकडाच्या भल्याथोरल्या खोक्यांत. यंत्र आत गेलं की खोकं भंगारात निघे आणि कामगार-कर्मचारी त्याचं लाकूड विकत घेत. त्या काळी टाउनशिपमध्ये कुणाच्याही क्वार्टरात जा, खोक्याच्या लाकडाचं काहीतरी असायचंच. कुणाचा दिवाण, कुणाचं देवघर, कुणाच्या पोराचं अभ्यासाचं टेबल. माझ्या पाठीवर अजून एक अर्धा काळा बाण आहे. तो ‘वरची बाजू’ दाखवायचा. आता आडवा होऊन स्वयंपाकघर दाखवतो.

मला घडवलं दिगंबर बोधनकरांनी. ते नागपूरचे. कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी क्वार्टरच्या अंगणात सुतारकाम करत. त्यांची मुलगी कल्पना जन्मली तेव्हा त्यांच्या सासूबाई अमरावतीहून बाळंतपणाला आल्या होत्या. सगळे त्यांना माई म्हणत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी माईंची पक्की समजूत होती, त्यामुळे जन्मात त्यांनी कधी कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवलं नव्हतं. पण कल्पनाचा पहिला फोटो काढायचा म्हणून फोटोवाला घरी आला आणि बाळ काही केल्या कुणाकडे शांत बसेना. शेवटी माईंनी तिला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि त्या नादात त्यांचाही फोटो निघाला. पुढच्याच वर्षी माई गेल्या. त्यांच्या मुलीकडे, मंदाकिनीबाईंकडे, आईचा म्हणून तो एवढा एकच फोटो उरला.

तो जपायला मी जन्मले. दिगंबररावांनी बरंच काही बरोबर केलं, ते आधी सांगते. फळी आणली तशी कापली नाही. आधी ती चांगली वाळवली, कारण ओलं लाकूड मागाहून आकसतं आणि कोपरे उघडतात. मग रंधा मारला, आतल्या कडेने काच बसायला खाच काढली. टोकं तिरकी कापून सरस लावला, बारीक खिळे मारले आणि सरस वाळेपर्यंत भोवती सुतळी आवळून ठेवली. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून दोन्ही कर्ण मापले. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आली म्हणून समजावं. तुम्हाला कधी चौकट करावीशी वाटली तर हे विसरू नका. वाकडी चौकट लपत नाही, समोरच्या भिंतीवर बसून चुगली करते.

चूक झाली ती नंतर, आणि ती दिगंबररावांच्या हुशारीतून झाली. मशीन शॉपमध्ये त्यांचं नाव होतं ते घट्ट बसवणीसाठी. दोन भागांत केस जाईल एवढी फट राहिली तरी ते काम परत पाठवत. फट म्हणजे दोष, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलं होतं. त्यांनी काच माझ्या खाचेत दाबून बसवली. काचेला फोटो टेकवला, त्याच्यामागे पुठ्ठा ठासला आणि पाठीमागून चारही बाजूंना काळी चिकटपट्टी लावून मला हवाबंद केलं. शेजारचे मिश्राजी हातात घेऊन म्हणाले, “वाह बोधनकरजी, इसमें तो सुई भी नहीं जाएगी!” दिगंबरराव असे खूश झाले की विचारू नका. मीही फुगले.

मित्रांनो, फोटो म्हणजे यंत्राचा सुटा भाग नव्हे. जुन्या फोटोच्या कागदावर एक पातळ थर असतो. कोरडा आहे तोवर तो गुणी बाळासारखा राहतो. ओल लागली की मुलाने चोखून ठेवलेल्या गोळीसारखा चिकट होतो. म्हणून फोटो आणि काच यांच्यात थोडी मोकळी जागा हवी. जाड कागदाची खिडकी कापून मध्ये घालावी, नाहीतर काचेच्या कडेने बारीक पट्ट्या ठेवाव्यात. माझ्यात यातलं काहीच नव्हतं. माई काचेला गाल टेकून बसल्या होत्या.

त्यात मंदाकिनीबाईंचं प्रेम. दर गुरुवारी न्हाऊन झालं की त्या ओलं फडकं घेऊन माझी काच पुसत, चंदनाचं गंध उगाळून काचेवर माईंच्या कपाळाशी बोट टेकवत आणि मोगऱ्याचा ओला हार घालत. मागच्या आठवड्याचं वाळलेलं गंध निघावं म्हणून फडकं चांगलं निथळतं असे. ते पाणी कुठे जायचं? काचेवरून ओघळून माझ्या खालच्या पट्टीत. तिथून बाहेर पडायला वाट नव्हती. उन्हाळ्यात समोरच्या खिडकीतला खसचा कूलर दिवसभर माझ्यावर ओली हवा फेकायचा. पावसाळ्यात पाठीमागची बाहेरची भिंत पाझरायची. मी फुगत होते, आकसत होते, आतल्या आत कुढत होते. मला तोंड असतं तर म्हटलं असतं, “बाई, आईची सेवा कर, पण कोरड्या फडक्याने कर!”

वर्षं गेली. कारखान्याच्या भोंग्यावर सकाळ व्हायची, भोंग्यावर संध्याकाळ. कल्पना मोठी झाली, लग्न होऊन इंदूरला गेली. दिगंबरराव निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. नेहरू नगरात घर बांधून तयार होतं. सामान बांधायला कल्पना आली, आणि तिनेच मला खिळ्यावरून उतरवलं.

उतरवून तिने मला उजेडात धरलं आणि तिचा चेहरा बदलला. फोटोचा खालचा भाग ओला असल्यासारखा गडद चकाकत होता. माईंच्या लुगड्याचा काठ, आणि त्यावर बाळाला धरलेले त्यांचे दोन्ही हात.

“बाबा, ये देखो ना. हे काचेला चिकटलंय.”

दिगंबररावांनी चष्मा पुसून पाहिलं. “काही नाही, थोडी ओल धरली असेल. मी बसवलंय, मीच काढतो.”

त्यांनी माझ्या पाठीची चिकटपट्टी उकलली, पुठ्ठा काढला आणि काचेसकट फोटो टेबलावर घेतला. मग पेटीतून त्यांनी एक पातळ पोलादी पट्टी काढली. कारखान्यात फट किती आहे ते मोजायला वापरतात तसली. ती त्यांनी खालच्या कोपऱ्यातून काच आणि कागद यांच्यात सरकवली. सरकत नव्हती. त्यांनी जोर केला.

कागद फाटताना फार मोठा आवाज होत नाही. लुगड्याच्या काठाचा बोटभर तुकडा काचेवरच राहिला आणि कागदावर तेवढा पांढरा डाग उमटला. दिगंबररावांचा हात तसाच होता. पट्टीचं टोक आता माईंच्या बोटांच्या अगदी खाली होतं. इतकी वर्षं मी त्या हातांना सांभाळत आले होते. भीतीने माझे कोपरे सैल झाले म्हटलं तरी चालेल.

मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून डबे भरता भरता आल्या आणि दारातच थांबल्या.

“हात काढा आधी,” त्या म्हणाल्या.

“अगं, थोडंच राहिलंय, जरा वाफ दिली की...”

“हात काढा म्हणते ना! ते हात आहेत माझ्या आईचे. तिने हिला धरलं होतं, तेवढंच उरलंय माझ्याजवळ. ते पण काढून टाकता का?”

दिगंबररावांनी पट्टी टेबलावर ठेवली. मी त्यांना खूप वर्षं ओळखते. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. “मीच केलं हे,” ते म्हणाले. “हवा जायला जागाच ठेवली नाही मी.”

“तुम्ही एकट्याने नाही केलं,” मंदाकिनीबाई खाली बसत म्हणाल्या. माझ्या खालच्या पट्टीच्या खाचेतून त्यांनी नखाने काहीतरी खरवडलं आणि बोटावर धरून पाहिलं. कित्येक गुरुवारांचं साचलेलं गंध होतं ते. “हे बघा. दर आठवड्याला मीच तर पाणी घालत होते तिला.”

कल्पनाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी कुणाला बोल लावला नाही, आणि त्या घरात असल्याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

चिकटलेला फोटो ओढायचा नसतो, मित्रांनो. वाफ नाही, पातं नाही, उतावीळपणा तर मुळीच नाही. तो काचेसकट राहू द्यावा आणि काचेतूनच त्याचा दुसरा फोटो काढून घ्यावा. कल्पनाने तेच सुचवलं. दुसऱ्या दिवशी मायलेकींनी ती काच जुन्या चादरीत गुंडाळून, आडवी मांडीवर धरून रिक्षाने बाजारातल्या स्टुडिओत नेली. परत आल्यावर त्या सांगत होत्या, तिथला फोटोवाला भला माणूस होता. म्हणाला, “भाभीजी, ये दाग हटा दूँगा, उँगलियाँ भी नई बना दूँगा, एकदम साफ.”

“नई उँगलियाँ नहीं चाहिए,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “जैसी हैं वैसी ही रहने दीजिए.”

काढलेली नक्कल कल्पनाला मिळाली. तिच्यासाठी दिगंबररावांनी नवी चौकट केली, माझी धाकटी बहीणच. तिच्यात मात्र जाड कागदाची खिडकी घातली. फोटोला मागून चिकटपट्टी नाही, पुठ्ठ्याखाली वर्तमानपत्र नाही, कारण वर्तमानपत्र स्वतः पिवळं पडतं आणि फोटोलाही पिवळं करतं. पाठीला नुसता जाड कागद डकवला, धूळ अडवण्यापुरता. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यात वारा खेळतो.

मग माझी पाळी आली. माझी खाच त्यांनी पटाशीने थोडी रुंद केली. फोटोसकट काच परत ठेवली, ती ठासून नाही, अलगद. मागे जुन्या धोतराची मऊ घडी घातली. सगळं झाल्यावर त्यांनी मला कानाशी धरून हलवून पाहिलं आणि कपाळाला आठ्या पाडल्या.

“हलतंय गं.”

“हलू द्या की,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “आत आई आहे, बेअरिंग नाही.”

नेहरू नगरच्या घरात मला आतल्या भिंतीवर टांगलं, जिथे पावसाची ओल पोहोचत नाही, समोरून ऊन येत नाही आणि कूलरची हवा लागत नाही. जागा शोधताना दिगंबरराव दोन दिवस भिंतीला तळहात लावून फिरत होते. शेजाऱ्यांना वाटलं असेल, निवृत्तीनंतर माणूस कामातून गेला.

तिथला पहिला गुरुवार आला. मंदाकिनीबाई न्हाऊन आल्या. आता ओलं फडकं नाही, कोरडं मलमल होतं. त्यांनी काच हलक्या हाताने पुसली. हार त्यांनी मला घातला नाही. मोगऱ्याची फुलं खाली टेबलावर वाटीत ठेवली. पण सहाणेवर त्यांनी गंध मात्र उगाळलं होतं. इतक्या वर्षांची सवय, ती कुठे जाणार? गंधाचं बोट उचलून त्या काचेपाशी आल्या आणि थबकल्या. बोट हवेतच राहिलं. काचेला आता ओल लावायची नव्हती, मग गंध लावायला जागाच उरली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि जपण्याच्या नावाखाली आपण एका लेकीच्या हातून तिची आई काढून घेतली, असं मला वाटलं.

दिगंबरराव दारात उभे होते. ते पुढे झाले. त्यांनी बायकोचं मनगट धरलं, काचेपासून वर नेलं आणि ते बोट माझ्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध टेकवलं.

“इथे लाव,” ते म्हणाले. “हिनेच धरून ठेवलंय त्यांना.”

तेव्हापासून दर गुरुवारी गंध मला लागतं. मित्रांनो, तुमच्या घरच्या चौकटींना कोरडं ठेवा, आतल्या माणसाला श्वास घ्यायला जागा द्या, आणि वर्षातून एकदा तरी खिळ्यावरून उतरवून त्यांची पाठ बघा. खरं म्हणाल तर लाकडालाही ओल सोसत नाही. माझ्या पॉलिशवर तिथे एक फिका ठिपका पडला आहे. तो असू दे. तेवढं मी सोसते.