केळीच्या बागेखालचे झाड

मी एक जुना ओंडका आहे, मित्रांनो. पण मला चुलीत घालाल तर चूल विझेल, मी पेटणार नाही. माझे लाकूड केव्हाच दगड झाले आहे. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या एका बागेखाली मी आडवा पडून होतो. वरून बैलगाड्या गेल्या, पुढे ट्रॅक्टर गेले. माझ्यापर्यंत कशाचाच आवाज पोचत नव्हता.

त्याआधी मी झाड होतो. सरळ, उंच, जाड टोकदार पानांचे. आम्हाला फुले येत नसत. शंकूंत बी धरायचे आणि जवळपासच्या मातीत टाकायचे, ही आमच्या घराण्याची रीत. फार फार पूर्वी दक्षिणेकडचे सगळे देश एकाच भूमीत जोडलेले होते, तेव्हा आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत त्या भूमीभर पसरले. मग ती भूमी तडकली. मधे समुद्र शिरला आणि रुंद होत गेला. आमचा तुकडा एकटाच उत्तरेकडे सरकू लागला. भाऊबंद पलीकडच्या काठांवर राहिले, आणि काठावरून पडलेले आमचे बी खाऱ्या पाण्यात सडू लागले. इकडे जमिनीवर फुलांची झाडे माजली होती. किड्यांना मध देऊन त्यांच्याकडून आपली कामे करून घेणारी हुशार जात ती. त्यांच्या गर्दीत आम्ही हळूहळू कमी होत गेलो.

पुढे जमीन फाटली आणि तापलेला लाव्हा वाहिला. एक लाट थंड झाली की तिच्यावर माती साचे, तळी भरत, झाडे पुन्हा उगवत. अशाच एका शांत काळात मी वाढलो आणि म्हातारा होऊन तळ्यात पडलो. गाळाने मला झाकले. गाळाच्या पाण्यात विरघळलेली गारगोटी माझ्या नसानसांत शिरली आणि लाकडाच्या जागी बसली. माझी वलये मात्र जशीच्या तशी राहिली. नंतर पुढचा लाव्हा आला आणि माझ्यावर काळ्या दगडाचे झाकण पडले. ते झाकण अलीकडच्या एका उन्हाळ्यात उघडले.

बागेचे मालक शालिग्राम चौधरी. त्या वर्षी त्यांच्या जुन्या विहिरीने तळ दाखवला होता. केळी घडावर आलेली, आणि पाने कडेने करपू लागलेली. शालिग्रामआबांनी विहीर आणखी खोल करायचे ठरवले आणि पुनानानांना बोलावले. पुनानाना म्हणजे विहिरी खणणारे गुत्तेदार. त्यांची यारी विहिरीच्या काठावर उभी राहिली. फोडलेला दगड लोखंडी डब्यात भरून तारेने वर ओढणारे ते यंत्र. धुळ्याकडून आलेले रुपचंद आणि दिपमाला हे जोडपे त्यांच्याबरोबर होते. रुपचंद खाली सुरुंग लावून दगड फोडायचा, दिपमाला वर डबा रिकामा करायची आणि नाना जेवायला बसले की यारीही चालवायची.

काळा दगड संपला आणि तांबड्या मातीचा थर लागला. त्या थरात मी होतो. माझे अर्धे अंग विहिरीच्या भिंतीत, अर्धे बाहेर. रुपचंदने माझ्यावर पहार मारली. ढलपी उडाली, तिच्यावर वलये दिसली. त्याने ती डब्यात ठेवून वर पाठवली.

आबांची मुलगी नूतन जळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सुट्टीला घरी आलेली होती. तिने ती ढलपी ओली करून उन्हात धरली आणि वलये न्याहाळली. मग ती डब्यात बसून खाली आली. मित्रांनो, इतक्या काळानंतर मला पहिल्यांदा कोणी झाड म्हटले. तिने ब्रशने माझ्या अंगावरची माती झाडली, फोटो काढले. वर जाऊन तिने वडिलांना विनवले की सुरुंग थांबवा, मी तज्ज्ञांना बोलावते. आपल्या भागात आता या घराण्याचे एकही रानझाड उरलेले नाही, ती सगळी समुद्रापलीकडे आहेत, असे ती सांगत होती.

आबांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुहं खरं असीन," ते म्हणाले. "पन मले पानी पाहिजे, नूतन. केळी वाळू राह्यली. ती थांबनार हाये का तुह्या लोकांसाठी?"

दोघेही खरे बोलत होते. शेवटी पुनानानांनी तोड काढली. ओंडक्याची बाजू सोडायची आणि समोरच्या बाजूने खोल जायचे. सगळ्यांना ती पटली. मला मात्र दुसऱ्याच दिवशी कळले की ती तोड धोक्याची आहे.

समोर सुरुंग उडाला की हादरा माझ्या पाठीवरच्या मातीत यायचा. प्रत्येक हादऱ्याने माती थोडी सुटत होती. एक बारीक चीर वरच्या काळ्या दगडापासून माझ्यापर्यंत उतरली. तिच्यातून भुगा गळत होता, आणि तो माझ्या अंगावर साचत होता. खाली कोणी वर पाहत नव्हते. मी पाहत होतो, पण दगडाला हाक कशी मारता येणार?

दुपारची वेळ होती. सुरुंग उडून धूर बसला होता. रुपचंद खाली उतरला आणि दगड डब्यात भरू लागला. अचानक माझ्या डोक्यावर माती सरकल्याचा आवाज झाला. तो त्यालाही ऐकू गेला. पळायला जागा नव्हती, म्हणून तो माझ्याखाली घुसला आणि अंग चोरून बसला. त्याच क्षणी भिंतीचा मोठा लपका सुटून माझ्यावर कोसळला.

मी तुटलो नाही. पण त्या भाराने माझे बाहेरचे टोक खाली झुकले आणि रुपचंदचा पाय माझ्या आणि एका धोंड्याच्या मधे अडकला. आजूबाजूला मातीचा ढीग, वर मी, आणि माझ्याखाली टोपलीएवढ्या पोकळीत एक जिवंत माणूस.

वर दिपमालाने त्याच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. धूळ इतकी होती की तळ दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने खालून त्याचा आवाज वर गेला.

"जित्ता शे मी. पाय अटकेल शे."

ती नानांना हाका मारत धावली.

यावलहून रुग्णवाहिका आणि सुटकेची माणसे निघाली होती, पण माती त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. ती अजून गळत होती. दगड फोडायचे ब्रेकर यंत्र लावायचे तर त्याच्या थरथरण्याने उरलेली भिंत खाली आली असती. माती उपसायची तर मी सुटलो असतो आणि सगळा भार रुपचंदवर पडला असता. पुनानाना म्हणाले, ओंडक्याचे पुढचे टोक छन्नीने हाताने तोडायचे आणि मागचा भाग भिंतीत तसाच धरून ठेवायचा, एवढाच एक मार्ग आहे.

आबांनी मुलीकडे पाहिले.

"फोडायचंच आहे, आबा," नूतन म्हणाली. "पण भलतीकडे घाव बसला तर ओंडका भिंतीतून निखळेल. कुठे फोडायचं ते मी दाखवते."

ती खाली जाणार हे ऐकून आबांनी तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, नुसती उभी राहिली. थोड्या वेळाने त्यांनीच सोडला आणि ते बागेकडे धावले. घड पेलायला केळीला लावलेले बांबूचे टेकू त्यांनी भराभर उपटले आणि बांधून खाली सोडले. टेकू काढलेली केळी मागे घडांसकट वाकत होती. त्यांनी वळून पाहिले नाही.

नूतन आणि पुनानाना खाली आले. यारीवर दिपमाला बसली. दोघांनी बांबू भिंतीला आणि माझ्या पोटाला लावून घट्ट ठोकले. नूतनने माझ्या अंगावरून हात फिरवला. माझ्यात आडवी एक जुनी चीर आहे, तिच्यात पांढरी गारगोटी भरलेली. ब्रश फिरवताना तिने ती पाहिली होती. तिथे तिने बोट ठेवले.

"इथे, नाना. हलक्या हाताने."

पहिला घाव बसला. वरून माती पडली. सगळे थांबले. दुसरा घाव. खाली रुपचंद दात आवळून होता. नूतन त्याच्याशी सारखी बोलत होती, गाव कोणते, घरी कोण कोण आहे असे विचारत होती. तो एका शब्दात उत्तरे देत होता, आणि उत्तराला उशीर झाला की नाना घाव घालायचे थांबत होते. माझ्या मनात एकच होते, मित्रांनो. टोक जावे, पण पाठ राहावी. बांबू करकरत होते.

मग मी त्या पांढऱ्या रेघेवर तुटलो. टोक बाजूला कलले, नानांनी ते खांद्याने रेटले, नूतनने रुपचंदला काखेत धरून बाहेर ओढले. तिघे डब्यात कसे मावले कोण जाणे. दिपमालाने तार ओढायला घेतली. घाईने ओढली असती तर डबा भिंतीला आपटला असता. तिने घाई केली नाही. तरफ तिने बोटभर बोटभर सरकवली. डबा काठावर टेकला, तेव्हाच तिने तरफ सोडली आणि नवऱ्याचा हात धरला.

थोड्याच वेळात उरलेली भिंत बांबूंसकट तळात बसली.

रुपचंदचा पाय जळगावच्या दवाखान्यात जुळला, थोडा वाकडा. तो आता विहिरीत उतरत नाही. ती विहीर आबांनी बुजवली. त्या साली त्यांची अर्धी बाग वाळली. पुढच्या हंगामात दुसऱ्या कोपऱ्यात पाणी लागले, बेताचेच. त्याबद्दल त्यांनी मुलीला कधी शब्दाने दुखवले नाही.

माझे बहुतेक अंग पुन्हा मातीखाली आहे. विहीर बुजवण्याआधी थोडा ढिगारा उपसला, त्यातून फुटलेल्या टोकाचे तुकडे वर आले. त्यांतले काही कुणी ओळखण्याआधीच रस्त्याच्या भरावात गेले. हा बोलणारा तुकडा कॉलेजात, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. नूतनने माझा कागदासारखा पातळ काप करून तज्ज्ञांना दाखवला. घराणे तिने ओळखले ते बरोबर होते. नाव अजून ठरायचे आहे. मुले येतात, भिंगातून वलये पाहतात. काही जण माझ्यावर डबा ठेवून जेवतात.

मागच्या महिन्यात रुपचंद आणि दिपमाला आले होते. तो काठी टेकत दारातच थांबला. ती जवळ आली, माझ्या तुटलेल्या कडेवर तिने तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

मित्रांनो, जमीन खणू नका असे मी कसे म्हणू? केळीला पाणी लागते, माणसालाही लागते. रस्ते होतील, विहिरी होतील. एवढेच मागतो की दगडावर रेघा, वलये, पानाची नक्षी दिसली तर हात थांबवा आणि जाणत्याला दाखवा. कारण आम्ही एकदा फुटलो की आमच्या घराण्याचे सांगणारे इथे कोणी नाही. आणि दगड वाचवताना त्याच्याखाली राबणाऱ्या माणसालाही विसरू नका. सुरुंगाची वात पेटवण्याआधी एकदा वाकून नीट पाहा, खाली कोण आहे.