चार काट्यांवरची एस्टीम

हलायचं नाही.

हात स्टिअरिंगवर, पट्टे आवळलेले, हेल्मेट डोक्यावर. शर्यतीत बसते तशीच बसले आहे. फक्त इंजिन बंद आहे आणि गाडीची चार चाकं चार वजनकाट्यांवर आहेत. पोती तोलायचे लोखंडी काटे. प्रत्येकाला उभा खांब, खांबावर आडवी दांडी, दांडीवर सरकतं वजन. बोम्मसंद्र्याच्या एका फाउंड्रीचे. आज तिथे सुट्टी, म्हणून शेडही मिळाली आणि काटेही.

पुढचे दोन खांब मला काचेतून दिसतात. मागचे दोन आरशांत.

"वसू, श्वास तरी घे," बिंदुमामा म्हणाला.

"नको. वजन वाढेल," अण्णा म्हणाला.

*

मागे जाऊन सांगते. सांगायला हलावं लागत नाही.

गेल्या महिन्यात श्रीपेरंबुदूरच्या ट्रॅकवर माझी गाडी दोनदा गरकन फिरली. दोन्ही वेळा उजव्या वळणावर. ही जुनी एस्टीम शर्यतीसाठी बनवतो माझा थोरला भाऊ श्रीहर्ष, म्हणजे अण्णा; चालवते मी. त्याचं मत ठरलेलं: उजवीकडे वळताना मी घाबरून ऍक्सिलरेटरवरून पाय काढते. मी म्हणते, नाही काढत.

येत्या रविवारी पुढची शर्यत. गाडीत खोट निघाली नाही, तर माझ्या जागी देवव्रत हा दुसरा ड्रायव्हर बसणार. तसं त्याला सांगूनही ठेवलंय.

*

अण्णाचा पुरावा: मापाची टेप.

गाडीला त्याने श्रीपेरंबुदूरला जायच्या आधीच नवे कॉइलओव्हर बसवलेत. शॉकऍब्झॉर्बरभोवती स्प्रिंग, स्प्रिंगखाली आट्यांवर फिरणारी रिंग. रिंग फिरवली की तेवढा कोपरा वर येतो किंवा खाली जातो. बसवनगुडीच्या आमच्या घरी, पोर्टिकोत, त्याने चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची मोजून सारखी केली. उंची सारखी म्हणजे भार ठीक, असं तो आठवडाभर सांगत होता.

"तोलून बघितलंस?" मामाने विचारलं.

मामाने चौतीस वर्षं सरकारच्या वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासले. आज सकाळी त्याने आधी काटेच तपासले. मला हेल्मेटसकट एकेकावर उभं केलं. एक्कावन्न, एक्कावन्न, एक्कावन्न, पन्नास.

"एक्कावन्नात अर्धा हट्ट आहे," अण्णा म्हणाला.

"तुझा तोलायला हा काटा पुरायचा नाही," म्हणत मामाने चौथा काटा खोलला. पाऊण तास तो त्यातच होता. मग गवंड्यासारखी पाण्याची नळी घेऊन त्याने चारही काटे एका पातळीत आणले, खाली पत्र्याचे तुकडे सरकवत. अण्णा दोनदा म्हणाला, एवढं कशाला. मामा दोनदा म्हणाला, सरी सरी, स्वल्प थांब; कन्नडात, बरं बरं, जरासा थांब.

*

गाडी वरून पाहिली, तोंड वरच्या बाजूला, तर चार चाकांवरचे किलो असे:

२२५   २९०

१८०   १३५

दोघं काट्यांवर वाकले. मी हेल्मेटमधून विचारलं, "काय झालं?"

"हलू नको," दोघं म्हणाले.

अण्णाने पुन्हा तोललं. तेच. त्याने खडूने फरशीवर बेरजा मांडल्या. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून चारशे सत्तर. दुसरी तिरपी जोडी, तीनशे साठ. मागचं उजवं चाक सगळ्यांत हलकं होतं. उजव्या वळणावर मागचा सगळा जोर एकट्या डाव्या चाकावर. त्याची पकड सुटली की

गाडी फिरणार. पाय काढा, नाहीतर ठेवा.

हे अण्णा मोठ्याने बोलला नाही. मला आरशात त्याचे ओठ दिसले.

"पण मी सारखं केलं होतं," तो म्हणाला.

"कुठे केलंस?"

"पोर्टिकोत."

मामा हातातल्या नळीकडे बघत राहिला. "पाणी कुठे जातं रे तिथलं? धुतल्यावर?"

अण्णा खाली बसला.

मोरीकडे जातं. फरशी मोरीकडे उतरती आहे, लहानपणापासून तिथे आमचे चेंडू घरंगळायचे. गाडीचं मागचं उजवं चाक रोज त्याच कोपऱ्यात उभं राहतं. तिथे जमीन खाली, म्हणून गाडी उंच वाटली, म्हणून अण्णाने तो कोपरा उतरवला.

*

आता हे. याच्यासाठी मी सांगते आहे.

अण्णा मागे, उजव्या आरशात. जॅकने कोपरा उचलला, आकड्याच्या पान्याने रिंग तीन फेरे वर घेतली, गाडी सोडली. टायरखाली ग्रीस लावलेले पत्रे होते, त्यांवर चाकं जराशी सरकली. त्याने गाडी दोनदा दाबली. गाडी शांत झाली.

माझ्यासमोर कुणीच नव्हतं. दोन खांब, ऊन, धूळ.

डावीकडची दांडी हळूच वर गेली. उजवीकडची खाली आली.

मी पापणी हलवली नाही. अण्णाचा हात माझ्यापासून दीड मीटर मागे होता, आणि गाडीच्या पार दुसऱ्या टोकाच्या चाकाला तो कळला होता.

२३३   २८२

१७२   १४३

"आठ," मामा म्हणाला. "आठ, आठ, आठ, आठ." त्याचा आवाज देवळात येतो तसा आला होता. "दोन वाढले, दोन घटले. बेरीज?"

"आठशे तीस," अण्णा म्हणाला.

"आणि मघाशी?"

"आठशे तीस."

"पुढची दोन मिळून?"

"तेच. पाचशे पंधरा."

मामाने चष्मा काढून पुसला. "काही आलं नाही, काही गेलं नाही. आयुष्यभर मी नुसतं किती ते विचारत आलो रे, कुठे ते कधीच नाही."

*

फेरा. दाब. थांब. आकडा.

फेरा. दाब. थांब. माझा डावा पाय बधिर.

फेरा उलटा, पुढच्या उजव्याला थोडा. सगळं एकाच कोपऱ्यावर लादायचं नाही, असं अण्णा म्हणाला. कुणाला ते माहीत नाही.

चहा आला. मला मिळाला नाही. चहाचं वजन मामाला मंजूर नव्हतं.

फेरा.

२५३   २६२

१५२   १६३

तिरप्या बेरजा: चारशे चौदा, चारशे सोळा. चारही दांड्या हवेत आडव्या, कशालाही न टेकता. शेडमधून वारा गेला तेव्हा चौघी मिळून थरथरल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

"उतर," अण्णा म्हणाला.

मी पट्टे सोडले आणि उतरले. चारही दांड्या एकदम खाली पडल्या. टक्, एवढाच आवाज.

आम्ही तिघं बघत राहिलो.

"देवव्रत अठ्ठ्याहत्तर किलोचा," अण्णा पाना पुसत म्हणाला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "पुन्हा सगळं करावं लागेल."

"करू की. मी रिकामाच आहे," मामा म्हणाला.

"नको." अण्णाने पाना खिशात घातला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याला फोन करतो मी. रविवारचं येऊ नको म्हणून. आणि तू रविवारपर्यंत बिसिबेळे भात खाऊ नकोस."

"अण्णा, मी पाय काढला नव्हता."

"माहितीये," तो म्हणाला. मग, "बस परत. एकदा बघू दे."

मी बसले. चारही दांड्या उचलल्या गेल्या.