देवळाच्या विहिरीचं पाणी

तेजाबात चांदी असताना कुणाचं ऐकायचं नाही, हे गुरुप्रसाद चांदी शुद्ध करण्याच्या तीस वर्षांच्या कामात शिकला होता. पण समोर गावचा मानकरी केरू गावकर बसला की त्याला नाही म्हणता यायचं नाही.

ग्रामदेवीची झिजलेली चांदीची रुपं, पालखीत बसवायचे ते मुखवटे, केरूने गुरुप्रसादच्या मिरजोळ्याच्या शेडमध्ये आणली होती. चांदीतलं तांबं काढून द्यायचं, मग लांज्याचा सोनार नवी रुपं घडवणार. शिमग्याला पंधरा दिवस उरले होते आणि गावाची अट होती, दुसरी चांदी मिसळायची नाही.

रुपं तेजाबात विरघळून निळसर पाणी झालं. ते पातळ करायला गुरुप्रसादने डिस्टिल्ड पाण्याचा कॅन उचलला.

"कॅनातल्या पाण्यानं आईला न्हाऊ घालतोस?" केरूने कळशी पुढे केली. "ह्या घे. देवळाच्या विहिरीचा पाणी हाय."

नाही म्हणायला हवं होतं. गुरुप्रसादने तेजाबाच्या बरणीत कळशी कलती केली.

बरणी दुधासारखी पांढरी झाली आणि तळाला दह्यासारख्या गुठळ्या बसू लागल्या.

"काय केलास रे?" केरू उभाच राहिला.

गुरुप्रसादने कळशीतलं पाणी बोटाने जिभेला लावलं. खारट. गाव खाडीकाठी, भरतीचं पाणी विहिरीत मुरलेलं. मीठ लागताच विरघळलेल्या चांदीचा पांढरा क्षार झाला होता.

"विहीर मचूळ झालीय, केरूदादा."

"फाल्गुनात होतेच ती. आम्ही तीच पितो!" केरूचा आवाज चिरकला. "गावात काय सांगू? आईचा दही झाला?"

गुरुप्रसादने बरणीत आणखी मीठ टाकलं. गुठळ्या बसल्यावर वरचं निळं पाणी काढून त्यात पुन्हा चिमूटभर टाकलं. ते नितळच राहिलं.

"ह्यात काही उरलं नाही. चांदी सगळी त्या दह्यात आहे. परवा या."

अशा दह्यातून चांदी परत काढायचं काम त्याने आयुष्यात दोनदाच केलं होतं, आणि एकदा मूस, धातू वितळवायचं मातीचं भांडं, भट्टीत उतू गेली होती. ते त्याने सांगितलं नाही.

गुठळ्या धुऊन, उजेडाने काळ्या पडू नयेत म्हणून झाकून त्याने वाळवल्या आणि चांदीपासून मीठ सुटावं म्हणून धुण्याच्या सोड्यात कालवून मुशीत भरल्या. केरू आला तो पुन्हा कळशी घेऊनच.

भट्टी तापली. मुशीतलं मिश्रण फसफसत काठापर्यंत चढलं. गुरुप्रसादने आच उतरवली, फेस खाली बसेपर्यंत थांबला, पुन्हा थोडी चढवली. मागे केरू पुटपुटत देवीला गाऱ्हाणं घालत होता. घाई केली असती तर देवी भट्टीत सांडली असती. हळूहळू बुडबुडे थांबले आणि वर पातळ, शांत रस राहिला.

मूस जराशी निवल्यावर त्याने फोडली. मिठाचं कवच हातोडीने उडालं आणि आत वाटीच्या बुडाएवढा पांढराशुभ्र गोळा निघाला.

केरूने बोट लावलं, चटकन मागे घेतलं. "गरम हाय."

"मग न्हाऊ घाला की," गुरुप्रसाद म्हणाला. "आता चांदी घट्ट झालीय, खारं पाणीसुद्धा चालेल. मिठाला जे करायचं होतं ते करून झालं."

केरूने दोन्ही हातांनी कळशी उचलली.