बाराव्या खाचेतला सेल

नात चिमणी रांगायला लागली आणि सुनेने हाय खाल्ली. घरीच रिमोट, घड्याळं, खेळणी दुरुस्त करणारी बाई ती. टेबलावर वाट्या-झाकणांत बारीकसारीक भागांचा नुसता बाजार मांडलेला. लेकीने काही तोंडात घातलं तर? मग आठवडाभर खपून तिने काड्यापेट्या चिकटवून चाळीस खणांची पेटी केली. प्रत्येक खणावर चिठ्ठी. सगळ्यात खाली ड्रॉवर, त्यात थर्माकोलमध्ये बटण-सेलांसाठी मोजून बारा खाचा, वर कडी.

"सेलांना स्वतंत्र खोल्या, आणि आम्ही मात्र एकीत चौघं!" सासूबाई हसल्या होत्या.

पण त्यांच्या गाण्यांच्या डब्याच्या रिमोटला तोच सेल लागायचा. मागितला की सून म्हणायची, "आई, दिवसभर गाणी? परवाच दिला ना!" म्हणून त्या गुपचूप नवा काढून घ्यायच्या आणि खाचेत संपलेला बसवायच्या. ड्रॉवर कायम भरलेला. कुणाला पत्ता नाही.

आज दुपारी चिमणीच्या तोंडातून लाळेची धार लागली. खिमट पुढे केलं तर तिने मान फिरवली, पाण्याचा घोटही बाहेर आला. सून धावत पेटीकडे गेली, खाचा मोजल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"बाराच्या बारा आहेत. देवा! दात येत असतील. संध्याकाळपर्यंत वाट बघू."

सासूबाई त्या ड्रॉवरकडे बघत राहिल्या. तासाभरापूर्वी त्यांनीच ड्रॉवर अर्धा उघडा पाहिला होता. कडी सकाळी सेल काढताना त्यांच्याच हातून लावायची राहिली होती. बारावी खाच रिकामी. बदली ठेवायला आपणच विसरलो, असं समजून त्यांनी चष्म्याच्या डबीतला मेलेला सेल तिथे दाबून बसवला होता.

आता बोलायचं म्हणजे चोरी कबूल करायची. मुलगा काय म्हणेल? ही पुन्हा पोरीला आपल्या मांडीवर देईल का? आणि दातच असले तर फुकट तोंड काळं. त्या स्वतःची समजूत घालत होत्या, तेवढ्यात चिमणी खोकली. त्या सुनेपाशी गेल्या.

"थांबू नकोस गं. बारावा माझा आहे."

"काय?"

"संपलेला. मी ठेवला. खाच रिकामी होती. कडी मीच विसरले."

सुनेने तो सेल उपटून मीटरला लावला. आकडा जेमतेम हलला. पोरीला उचललं आणि अनवाणीच जिना उतरली. सासूबाई मागोमाग, भिंत धरत.

हॉस्पिटलात एक्स-रेत गळ्याखाली पांढरीशुभ्र गोल चकती दिसली. पोरीला आत नेलं. बाकावर दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. सून समोरच्या दाराकडे बघत राहिली; सासूबाईंना वाटलं, हिने मला चार लोकांत फाडून खावं, पण काहीतरी बोलावं.

डॉक्टर बाहेर आल्या. "निघाला. सेलने आत थोडं भाजलंय, भरून येईल. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. इतक्या लवकर कळलं कसं तुम्हाला?"

घर सोडल्यापासून पहिल्यांदाच सुनेने त्यांच्याकडे पाहिलं.

"आईंनी सांगितलं," ती म्हणाली.

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या ढसाढसा रडल्या.